रिपीट करायचं का, हे आधी उत्तरपत्रिकेला विचार

पत्राचा सारांश: सोलापूरच्या पूर्व भागात राहणारी अठरा वर्षांची मुलगी लिहिते. बारावी विज्ञानला ७४ टक्के मिळाले, वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत ७२० पैकी ३६८. जीवशास्त्रात ६३ प्रश्न बरोबर, १४ चूक, १३ सोडलेले. रसायनशास्त्रात २४ बरोबर, १४ चूक, ७ सोडलेले. भौतिकशास्त्रात १६ बरोबर, १६ चूक, १३ सोडलेले. प्रवर्ग ओबीसी. वडील टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, आई विड्या वळते, धाकटा भाऊ दहावीत आहे. घरात दीड लाख रुपये बाजूला ठेवलेत. वडील म्हणतात, लातूरला रिपीटर बॅचला (नीट पुन्हा देणाऱ्यांच्या वर्गाला) जा. आई म्हणते, मिळेल तिथे बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) घे आणि नीट पुन्हा दे. आत्या म्हणते, मुलीच्या जातीनं घरी बसून वर्ष घालवू नये. मुलगी म्हणते, "रोज पंधरा तास अभ्यास करीन, ६०० काढीन. पण नाही जमलं तर बाबांचे पैसे आणि माझं वर्ष, दोन्ही जाईल. काय करू?"

उत्तर:

तू बरोबर, चूक आणि सोडलेले प्रश्न विषयवार मोजून लिहिलेस, हे फार चांगलं केलंस. बहुतेक मुलं एकूण गुणांपाशीच थांबतात आणि मग निर्णय घरातल्या आवाजांवर होतो. तुझा निर्णय या आकड्यांत बराचसा सापडेल, म्हणून आधी तेच नीट वाचू.

नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकलेल्याचा १ कापतात. तुझे ४४ प्रश्न चुकले, म्हणजे ४४ गुण उणे झाले. हे अकरा बरोबर उत्तरांएवढे गुण आहेत. शिवाय ३३ प्रश्न तू हातच लावला नाहीस. एकूण ७७ प्रश्न. तुझी प्रश्नपुस्तिका घरी असेल, ओएमआरची (गोल रंगवलेल्या उत्तरपत्रिकेची) प्रत आणि अंतिम उत्तरसूची परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतली असशीलच. एक अख्खा दिवस काढ आणि हे ७७ प्रश्न उत्तर न बघता पुन्हा सोडव. प्रत्येकापुढे एक खूण कर. धडाच येत नव्हता तर 'न'. येत होतं पण वाचताना चूक झाली ('चुकीचे विधान ओळखा' हे 'बरोबर' असं वाचलं वगैरे) तर 'व'. आकडेमोडीत घसरलं तर 'ग'. ठोकून दिलेलं उत्तर असेल तर 'अ'. वेळच उरला नाही तर 'वे'. मग प्रत्येक 'न'पुढे धड्याचं नाव लिही.

आता पान लांब धरून बघ. 'न' जर आठ-दहा धड्यांत गोळा झालेले असतील तर रिपीट करण्यात अर्थ आहे, कारण काय दुरुस्त करायचं ते ठरलेलं आहे आणि त्याला दहा महिने पुरतात. 'न' सगळ्या पुस्तकभर विखुरलेले असतील तर अकरावीचा पाया राहिलाय. तेव्हाही वर्ष उपयोगी पडेल, पण सुरुवात अकरावीच्या पहिल्या धड्यापासून करावी लागेल. बारावीच्या उजळणीने गुण हलणार नाहीत. आणि 'व', 'ग', 'वे' यांचीच गर्दी असेल तर तुला ज्ञान कमी पडलेलं नाही, सराव कमी पडलाय. हा तिसरा प्रकार असलेली मुलं पुन्हा वर्षभर तीच लेक्चर ऐकतात आणि पुढच्या मेमध्ये त्याच जागी उभी राहतात. रिपीट फसण्याचं हे एक मोठं कारण आहे.

भौतिकशास्त्राकडे वेगळं बघ. ३२ प्रश्न सोडवले, त्यातले १६ चुकले. निव्वळ ठोकलेल्या चार उत्तरांत सरासरी एक बरोबर येतं: ४ गुण मिळतात, ३ जातात, हाती राहतो एक. दोन पर्याय खात्रीने खोडता आले तर मात्र दोन प्रश्नांमागे ३ गुण उरतात, तिथे हात घालायला हरकत नाही. हा नियम सराव परीक्षांपासूनच अंगी बाणव. ऐन परीक्षेत घड्याळ पुढे पळताना तो आठवत नाही.

पुढच्या वर्षी काय शक्य आहे, त्याचा हिशोब मांडू. जीवशास्त्रात ९० पैकी ८० बरोबर आणि ६ चूक आले तर ३१४. रसायनशास्त्रात ३३ बरोबर, ८ चूक, म्हणजे १२४. भौतिकशास्त्रात २५ बरोबर, १० चूक, म्हणजे ९०. बेरीज ५२८. यातली जवळपास निम्मी वाढ, ७६ गुण, एकट्या जीवशास्त्रातून येते. रिपीटर मुलं मात्र भीतीपोटी दिवसातले सहा तास भौतिकशास्त्राला देतात आणि 'बायो तर येतंच' म्हणून ते बाजूला ठेवतात. तुझे जीवशास्त्रात २७ प्रश्न हुकलेत. राज्य मंडळाचं पुस्तक आणि एनसीईआरटी (केंद्राची पाठ्यपुस्तकं) यांची वाक्यं, उदाहरणं, आकृत्यांमधली नावं सगळीकडे सारखी नाहीत, आणि नीटचा प्रश्न बऱ्याचदा एनसीईआरटीच्या वाक्यातूनच उचललेला असतो. तेव्हा अकरावी-बारावीची एनसीईआरटीची दोन्ही पुस्तकं घे. नुसती वाचू नकोस. एक धडा वाचून पुस्तक मिटायचं, आकृती कोऱ्या कागदावर काढून नावं द्यायची, तक्ते आठवून लिहायचे, मग पुस्तकाशी ताडून लाल पेनने दुरुस्त करायचे.

आता तुझ्या ६०० विषयी. हा आकडा भिंतीवर लावू नकोस. २०२४ साली पैकीच्या पैकी ७२० मिळवणारी मुलं एकाहून जास्त होती. २०२५ ला देशात सर्वाधिक गुण ६८६ होते आणि खुल्या प्रवर्गाची पात्रता १६२ वरून १४४ वर आली. पेपर बदलला की गुणांचा अर्थ बदलतो. प्रवेश मिळतो तो क्रमांकावर. राज्यातले प्रवेश करणाऱ्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मागच्या दोन वर्षांच्या निवड याद्या असतात. त्यात तुझ्या प्रवर्गात शासकीय एमबीबीएसची शेवटची जागा शेवटच्या फेरीत राज्यातल्या कितव्या गुणवत्ता क्रमांकाला गेली ते शोध आणि स्वतःचा क्रमांक शेजारी लिही. त्या दोन क्रमांकांमधलं अंतर हे तुझं खरं काम. सराव परीक्षांतही गुणांसोबत हजारो मुलांमधला क्रमांक देणारी मालिकाच निवड.

नातेवाइकांना एक गोष्ट समजावून सांगावी लागेल. 'नीट पास झाली, मग प्रवेश का नाही?' असं घरोघरी विचारलं जातं. खुल्या प्रवर्गाला ५० पर्सेंटाइल (म्हणजे परीक्षा दिलेल्या शंभरातल्या पन्नास जणांच्या पुढे) आणि ओबीसीला ४० पर्सेंटाइल मिळाले की विद्यार्थी पात्र ठरतो. ते फक्त रांगेत उभं राहण्याचं तिकीट आहे. तू पात्र आहेसच, पण जागा रांगेतल्या क्रमांकावर मिळते.

'वर्ष वाया जाईल' या भीतीबद्दल: नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, वरची वयोमर्यादाही आता नाही. दुसऱ्या प्रयत्नाचे गुण कापत नाहीत. बारावीच्या टक्क्यांचा संबंध फक्त पात्रतेपुरता: भौतिक, रसायन, जीव मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. पुढे रुग्णाच्या खाटेशी उभी राहशील तेव्हा तू अठराव्या वर्षी आलीस की एकोणिसाव्या, हे कुणी विचारणार नाही. आत्याला राग न आणता एवढंच सांग की घरी बसायचं नाहीये, वेळापत्रक लिहून भिंतीवर लावणार आहे.

पंधरा तासांचा आग्रह सोड. पहिले तीन आठवडे जमतं, मग पाठ धरते, झोप बिघडते, आणि बिघडलेल्या झोपेत पाठांतर टिकत नाही. आठ ते नऊ तास खरा अभ्यास, सात तास झोप, आठवड्यातून अर्धा दिवस पूर्ण मोकळा. जानेवारीत गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या यात्रेला) जा, भावालाही घेऊन जा. ती एक संध्याकाळ तुझे गुण कमी करणार नाही.

लातूर की सोलापूर? लातूरला चांगलं शिकवतात हे खरं, आणि सभोवती सगळे अभ्यास करणारे असले की शिस्तही लागते. पण तिथल्या मोठ्या बॅचमध्ये गती ठरलेली असते. तुझ्या भौतिकशास्त्राला कदाचित अकरावीपासून सुरुवात हवी आहे, आणि रिपीटर बॅच पाया पक्का असल्याचं धरून धावते. म्हणून आधी तुझा खुणांचा कागद पूर्ण कर आणि तो घेऊनच चौकशीला जा. विचार: भौतिकशास्त्र अकरावीपासून घेता का? बॅचमध्ये किती मुलं? शंका सोडवायला कोण बसतं, किती वाजता? आठ दिवस बसून बघू द्याल का?

पैशांचा कागद बाबांसोबत बसून कर. क्लासची फी, वसतिगृहाची अनामत, मेस गुणिले अकरा महिने, अभ्यासिका, सराव परीक्षा, पुस्तकं, येण्याजाण्याचा खर्च, नीटचा अर्ज (२०२५ ला ओबीसीसाठी १६०० रुपये होता), आणि आजारपणासाठी वेगळे दहा हजार. बेरीज दीड लाखाच्या वर गेली तर कर्ज काढून लातूर करू नका, हे मी ठामपणे सांगते. त्या कर्जाचं ओझं परीक्षेच्या तीन तासांत तुझ्या हातावर येऊन बसतं. आणि कुठेही गेलीस तरी सगळी फी एकदम भरू नका. हप्ते मागा, प्रत्येक हप्त्याची पावती घ्या. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत, मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी असं म्हटलं आहे, वसतिगृह आणि मेसचे पैसेही त्यात येतात. प्रवेशाच्या वेळीच हे लेखी विचारून ठेवा.

सोलापुरात राहायचं ठरलं तर तुझी खरी अडचण क्लास नाही, घर आहे. पूर्व भागात शेजारी यंत्रमाग असेल तर खटखट दिवसभर थांबत नाही, आणि दोन खोल्यांत आईचं काम, भावाची दहावी. त्यामुळे सकाळी आठ ते संध्याकाळी सहा अभ्यासिका, असा सरळ हिशोब कर. अभ्यासिका निवडताना तीन गोष्टी बघ: वीज गेल्यावर पंखा चालतो का, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, संध्याकाळी परतताना रस्ता वर्दळीचा आहे का. शिकण्यासाठी फक्त भौतिकशास्त्राचा आणि हवा तर भौतिक-रसायनशास्त्राचा शिक्षक धर, जीवशास्त्र स्वतः कर. आयआयटी कानपूरने चालवलेलं 'साथी' हे संकेतस्थळ मोफत आहे, त्यावर नीटचे व्हिडिओ आणि सराव आहेत. तुझ्या आकड्यांकडे बघून मला हा मार्ग बरा वाटतो. वडिलांना लातूरची ओढ आहे ती काळजीपोटी, म्हणून नुसतं 'नको' म्हणू नकोस, दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेव.

आईचा पर्याय, बीएएमएस घेऊन नीट पुन्हा द्यायची, ऐकायला सुरक्षित वाटतो, पण त्यात दोन्हीकडून ओढाताण होते. बीएएमएसचं पहिलं सत्र दीड वर्षाचं असतं. संस्कृत, आयुर्वेदातलं पदार्थविज्ञान, रचनाशारीर, क्रियाशारीर असे विषय, हजेरीची अट वेगळी. दिवसभर ते करून रात्री नीटचं भौतिकशास्त्र होत नाही. जागा मध्येच सोडली तर दंड, अडकलेली मूळ कागदपत्रं, गेलेली फी. उशिराच्या फेरीत घेतलेली जागा सोडण्याचे नियम तर आणखी कडक असतात, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत ओळ न् ओळ वाचायचे.

पण बीएएमएसबद्दल एक प्रश्न तू स्वतःला एकटीने विचारावास. पुढच्या जूनमध्ये ४५० आले आणि पुन्हा बीएएमएसच समोर आलं, तर मनापासून घेशील का? उत्तर 'हो' असेल तर रिपीटमध्ये तुझं फारसं नुकसान नाही, कारण खाली जाळी आहे. उत्तर 'अजिबात नाही' असेल तर तू एका वर्षाचा नाही, दोन-तीन वर्षांचा विचार करते आहेस, आणि ते आजच घरात बोलायला हवं. आणि आयुर्वेदच आवडत असेल, तर यंदाच घे आणि तेच मन लावून कर. साडेचार वर्षं आणि एक वर्षाची इंटर्नशिप, पुढे पदव्युत्तर शिक्षणही आहे.

यंदाच्या प्रवेशफेरीचा अर्ज मात्र भर. रिपीट करायचं ठरलं म्हणून बरेच जण तो भरतच नाहीत. नोंदणी केली की तुझा राज्यातला क्रमांक कळतो, कागदपत्रांतल्या त्रुटी कळतात, पसंतीक्रम कसा लावायचा ते कळतं. फक्त जी जागा घ्यायचीच नाही ती पसंतीत टाकू नकोस.

कागदपत्रांविषयी विस्ताराने लिहिते, कारण गुण असूनही इथेच जागा जाते. ओबीसीला तीन दाखले लागतात: जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला). वैधतेला महिने लागतात. वडिलांकडच्या जुन्या नोंदी, आजोबांचा शाळेचा दाखला, कुणा सख्ख्या नात्यातल्याची वैधता झाली असेल तर त्याची प्रत, हे सगळं शोधावं लागतं. हा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करायचा असतो. तुझा राहिला असेल तर याच आठवड्यात जुन्या ज्युनिअर कॉलेजच्या कार्यालयात जा, तिथलं शिफारसपत्र घेऊन जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज कर. नॉन-क्रीमीलेअरवर ३१ मार्चची मुदत छापलेली असते. ती मुदत संपून एप्रिल उजाडला की नवा काढायचा, प्रवेशफेरीची वाट बघायची नाही. अधिवास प्रमाणपत्र सेतू केंद्रातून आताच काढून ठेव. नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेशी, आधारशी आणि नीटच्या अर्जाशी अक्षर न् अक्षर जुळू दे. रिपीट केलेल्यांकडून गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात, ते नोटरीकडे होतं.

उत्पन्नाचा दाखलाही याच फेरीत काढ. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींना २०२४-२५ पासून राज्यात केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. संस्थास्तरावरच्या कोट्याला ते लागू नाही, वसतिगृह-मेसही त्यात नाही. वडिलांना हे सांग. 'एमबीबीएस म्हणजे घर विकावं लागेल' ही धास्ती अनेक घरांत मुलीचा निर्णय फिरवते.

वर्षाची आखणी मी अशी करीन. ऑक्टोबरअखेर सगळे 'न' धडे संपवायचे. भौतिकशास्त्रात आधी प्रवाही विद्युत, किरण प्रकाशशास्त्र, आधुनिक भौतिकी आणि अर्धवाहक घे, कारण ते बऱ्यापैकी स्वतंत्र उभे राहतात आणि लवकर गुण देतात. समांतरपणे यामिकी अगदी सदिशांपासून. रसायनशास्त्रात मोल संकल्पना, समतोल आणि सेंद्रियची मूलतत्त्वं पक्की झाल्याशिवाय पुढे पळू नकोस. नोव्हेंबरपासून पंधरा दिवसांनी एक पूर्ण पेपर, फेब्रुवारीपासून दर रविवारी, एप्रिलमध्ये आठवड्याला दोन. पेपर दुपारी दोन ते पाच या वेळेतच सोडवायचा. खरी परीक्षा त्याच वेळेला, मेच्या सुरुवातीला असते, आणि सोलापूरच्या मेमधल्या दुपारी डोकं चालवायची सवय आधीच लागलेली बरी. जीवशास्त्राला ५० मिनिटं, रसायनशास्त्राला ५०, भौतिकशास्त्राला ६५, उरलेली १५ ओएमआर तपासायला. जुने पेपर सोडवताना लक्षात ठेव: २०२१ ते २०२४ मध्ये २०० पैकी १८० प्रश्न सोडवायचे होते, २०२५ पासून १८० च्या १८० सक्तीचे आणि वेळ १८० मिनिटं. आकडेमोड हातानेच करायची, मोबाइल दुसऱ्या खोलीत.

प्रत्येक पेपरनंतर त्याच न-व-ग-अ-वे खुणा. चुकांची एक वही ठेव आणि चुकलेला प्रश्न तिसऱ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी पुन्हा सोडव. पेपर सोडवायला तीन तास आणि तपासायला चार तास, हे गणित जमलं नाही तर पेपर कमी कर, तपासणी कमी करू नकोस.

३१ डिसेंबर ही तारीख घरात सगळ्यांसमोर लिहून ठेव. तोवर झालेल्या पेपरांत क्रमांक सरकत नसेल तर अभ्यास थांबवायचा नाही, पण दुसरे अर्ज निश्चित भरायचे: फार्मसी आणि कृषीसाठी राज्याच्या एमएचटी-सीईटीचा पीसीबी (भौतिक-रसायन-जीव) गट, बीएस्सी नर्सिंगची वेगळी सीईटी. फिजिओथेरपी, बीएएमएस, बीडीएस (दंतवैद्यक) नीटमधूनच होतात. परदेशी एमबीबीएसचे एजंट अशा वेळी हमखास फोन करतात. त्यासाठीही नीट पात्रता लागते, किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम, तिथे बारा महिन्यांची इंटर्नशिप आणि भारतात पुन्हा बारा महिन्यांची लागते. दीड लाखात त्याचा विचारही करू नका.

या वर्षात मैत्रिणी कॉलेजात जातील, त्यांचे फोटो दिसतील, आणि तुला वाईट वाटेल. ते स्वाभाविक आहे. पण सलग दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, किंवा 'जगून काय उपयोग' असे विचार येत असतील तर ते अभ्यासाचं टेन्शन म्हणून दाबून ठेवू नकोस. आईला त्याच दिवशी सांग आणि १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या) क्रमांकावर फोन कर, तो मोफत आहे. त्या अवस्थेत वर्ष मध्येच थांबवलं तरी चालतं.

भावासाठीही एक निरोप. तो दहावी पास होऊन अकरावी विज्ञानला गेला की महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेच्या मोफत नीट-जेईई प्रशिक्षणाचा अर्ज करता येतो. नॉन-क्रीमीलेअर लागेल, म्हणून तुझे दाखले काढायला जाशील तेव्हा त्याचंही जात प्रमाणपत्र सोबतच काढ. कागद तेच लागतात, बाबांचा कारखान्यातला एक खाडा वाचेल.